गुरुजी, मंडळ आणि एकशे त्रेसष्ट जण

मी ज्यांचं देणं लागते, त्यांत पहिलं नाव आमच्या गुरुजींचं. लांज्याहून भांबेडकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं आणि वर चढलं की आमची वाडी. शाळा वहाळाच्या पलीकडे, उंचावर. तिथं पोचायचं तर जांभ्या दगडांची पाखाडी चढावी लागे. ती पाखाडी मी एका दमात कधी चढले नाही. चार-सहा पायऱ्या झाल्या की उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट धरून. थोड्या वेळानं डोळ्यांपुढचा अंधार सरायचा, छातीतलं थडथडणं बसायचं, मग उठायची. असं बसावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ओठ आणि नखं कायम जांभळट. वाडीत मला सगळे प्रेमानंच वागवत, पण ‘ही पोर फार दिवसांची नाही’ हे माझ्यासमोर बोलायला कुणी कचरतही नसे. आजीनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं आणि लांज्याच्या दवाखान्यातून शक्तीचं औषध येत होतं. यापलीकडे काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार इयत्तांना मिळून गुरुजी एकच. ते शाळेच्या दारात उभे राहून पोरांची वाट बघत. एक दिवस संध्याकाळी ते घरी आले आणि बाबांना म्हणाले, “बाकीची पोरं दमली की उभ्यानं धापा टाकतात, नाहीतर लोळण घेतात. ही बसते. दर वेळी तशीच बसते, आणि बसली की हिला बरं वाटतं. याला काहीतरी कारण असलं पाहिजे.” त्यांनी जे पाहिलं ते सगळं एका चिठ्ठीत लिहिलं, रजा टाकली आणि आमच्याबरोबर रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलात आले. तिथल्या डॉक्टरांनी नळी लावायच्या आधी ती चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली. नंतर माझी नखं बघितली आणि बाबांना म्हणाले, “मुंबईला न्या. उशीर करू नका.”

गुरुजींनी काय ओळखलं होतं, ते मला फार पुढे कळलं. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात फालो नावाच्या डॉक्टरांनी १८८८ मध्ये या निळ्या आजाराचं नीट वर्णन केलं. त्यांच्याच नावानं तो आजही ओळखला जातो: टेट्रालॉजी ऑफ फालो. एकाच हृदयात चार दोष. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी दोन्ही कप्प्यांवर सरकलेली. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून जाड झालेला उजवा कप्पा. अशा हृदयात बरंचसं अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे न जाता भोकातून पलीकडे निसटतं आणि तसंच शरीरभर फिरतं. म्हणून निळेपणा. मूल उकिडवं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराच्या बाजूला रक्ताला विरोध वाढतो आणि त्यामुळे जास्त रक्त फुप्फुसाच्या वाटेला लागतं. प्राणवायू मिळतो, अंधार सरतो. जुन्या डॉक्टरांना या बसण्यावरूनच अर्धं निदान करता येई. आमच्या गुरुजींनी वैद्यकाचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त एका पोरीकडे रोज नीट बघितलं.

मुंबईत आमचे तात्या होते. बाबांचे थोरले भाऊ, लालबागला गिरणीत. त्यांची स्वतःची अशी खोली नव्हती. गावकरी मंडळाची खोली होती आणि त्यात आमच्या पंचक्रोशीतले पुरुष पाळीपाळीनं राहत. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रातपाळीवाले दिवसा. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीला कपडे, जेवण खानावळीत. त्या खोलीत बाईमाणसाला जागा नव्हती, म्हणून चाळीतल्या एका कुटुंबानं आईला आणि मला आपल्या खोलीत घेतलं. ते आमच्या तालुक्याचेही नव्हते. घाटावरचे होते. त्या माउलीनं महिनोन्‌महिने आम्हांला घरच्यासारखं ठेवलं आणि एकदाही ‘कधी जाणार’ असं विचारलं नाही.

इस्पितळ परळचं के. ई. एम. ते साल १९७९. याच इस्पितळात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं होतं. तो रुग्ण काही तासच जगला. पण महापालिकेच्या इस्पितळात, गरिबांच्या वॉर्डांत, उघडं हृदय हाताळायला शिकलेली माणसं तिथं तयार झाली होती. माझी सगळी तपासणी झाली, मांडीतून नळी घालून हृदयाची चित्रं काढली गेली आणि डॉक्टरांनी तात्यांना समोर बसवून सांगितलं, “ऑपरेशन करू. धोका आहे. आणि रक्त लागेल. ताजं. माणसं आणा.”

हृदय थांबवून ते उघडायचं, तर तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवायचं काम यंत्र करतं. लहान मुलासाठी त्या यंत्रातही रक्त भरावं लागतं. शिवाय निळ्या मुलांचं रक्त घट्ट असतं, तरी जखम झाली की ते नीट गोठत नाही, ऑपरेशननंतर वाहत राहतं. म्हणून ताज्या रक्ताचा आग्रह. तात्यांनी त्या रात्री मंडळाच्या खोलीत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली.

गिरणीत उभ्यानं राबणारी माणसं ती. एकदा रक्त दिलं की माणूस कायमचा खचतो, अशी समजूत तेव्हा घट्ट होती. अंगातली ताकद हीच त्यांची कमाई, तिच्यावर गावाकडची घरं चालायची. अशी माणसं रक्तपेढीत जाऊन रांगेत उभी राहिली, रक्तगट तपासून घेतले आणि ज्यांचे जुळले ते ऑपरेशनच्या दिवशी तिसरी पाळी संपवून, कपड्यांवरचा कापूस तसाच ठेवून, थेट परळला आले. त्यांत आमच्या भावकीतले थोडे. बाकी वेगवेगळ्या वाड्यांचे, वेगवेगळ्या जातींचे, ज्यांच्या घरी आमचं जाणंयेणंही नव्हतं असे. एक जण तर आमच्याशी बांधाच्या भांडणात कोर्टात उभा असलेल्या घरातला होता. त्यानं रक्त दिलं, चहा घेतला आणि तात्यांशी एक शब्द न बोलता निघून गेला. बांधाचा तो दावा पुढेही चालूच राहिला. पण आई त्याच्या घरावरून जाताना आयुष्यभर डोक्यावरचा पदर सारखा करत असे.

खूप वर्षांनी मी या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला, तेव्हा एका ठिकाणी थांबले. फालोचे चारही दोष एकाच वेळी दुरुस्त करण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३१ ऑगस्ट १९५४ रोजी डॉ. वॉल्टर लिलेहाय यांनी केली. त्यांच्याकडे तेव्हा भरवशाचं यंत्र नव्हतं. ते दुसऱ्या माणसाच्या रक्ताभिसरणाला मुलाचं रक्ताभिसरण नळ्यांनी जोडत, आणि तेवढा वेळ त्या माणसाचं हृदय आणि फुप्फुसं दोघांचं काम करत. बहुतेक वेळा आई किंवा वडील. पण त्या मुलाचा रक्तगट दुर्मीळ होता, घरातल्या कुणाचा जुळेना. शेवटी रस्त्याच्या कामावरचा एक कामगार पुढे आला. मुलाशी नातं नाही, ओळख नाही. दोन्ही जीव जातील असा धोका असताना तो शेजारच्या टेबलावर जाऊन झोपला. मी ते वाचलं आणि मला आमचं मंडळ आठवलं. अशी माणसं सगळीकडे कामगारांतच का सापडतात, कोण जाणे. पण सापडतात.

ऑपरेशनची मला फार आठवण नाही. छातीचं हाड उभं कापलं, पडद्यातलं भोक कृत्रिम कापडाच्या ठिगळानं बुजवलं, उजव्या कप्प्यातला वाढलेला स्नायू कापून काढला आणि फुप्फुसाची वाट झडपेपर्यंत चिरून तिथं दुसरं ठिगळ लावून ती रुंद केली. शुद्धीवर आले तेव्हा आई माझी नखं बघत होती. ती गुलाबी झाली होती. शेजारच्या खाटेवर सोलापूरकडची एक मुलगी होती, माझ्याच वयाची, माझ्याच आजाराची. तिच्याबरोबर मी सागरगोटे खेळले होते. तिचं ऑपरेशन माझ्यानंतर झालं आणि ती वॉर्डात परत आली नाही. तिच्या आईनं जाताना आपल्याकडची संत्री माझ्या उशाशी ठेवली. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. तिचंही मी देणं लागते, आणि ते कसं फेडायचं ते मला कळलेलं नाही.

गावी आले आणि पाखाडी चढले, न बसता. पावसाळ्यात लावणीला गेले. वाडीच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली. दर शिमग्याला चाकरमानी पालखीसाठी यायचे आणि अंगणात पालखी नाचून पुढे गेली की त्यांतला एखादा मागे थांबून मला हाक मारायचा. “बाय, बरी हायस ना? तुज्यात माजा रगात हाय.” मी पुढे डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि मुलांना शिकवताना वाचलं की रक्तातल्या तांबड्या पेशी जेमतेम १२० दिवस जगतात. मंडळाच्या माणसांनी दिलेलं रक्त त्याच वर्षी माझ्या अंगातून संपलं होतं. तरी त्यांचं म्हणणं मला कधी चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सुरुवातीला आई मला दर वर्षी तपासणीला मुंबईला न्यायची. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. तात्या वर्षभर तग धरून राहिले, शेवटी ट्रंक घेऊन गावी आले. मंडळाची खोली रिकामी होत गेली. चाळीतलं ते घाटावरचं कुटुंबही गेलं. मुंबईत उतरायला जागा राहिली नाही आणि एसटीच्या भाड्याचे पैसेही राहिले नाहीत. माझी तपासणी अशी थांबली. आई मात्र इस्पितळाची फाईल जपत राहिली. डिस्चार्जचा कागद, हृदयाच्या चित्राखाली डॉक्टरांनी काढलेली आकृती, केस नंबर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कडुनिंबाचा पाला टाकून, ट्रंकेच्या तळाशी. कापडं फाटली, ट्रंक गंजली, घरावरची कौलं दोनदा बदलली. फाईल राहिली. आई शाळेत गेलेली नव्हती. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण हा कागद पोरीच्या छातीतला आहे एवढं तिला समजत होतं.

त्या फाईलची गरज पडली १९९९ मध्ये, मला दिवस गेले तेव्हा. लांज्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेले. त्यांनी छातीवरचा व्रण बघितला, बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि विचारलं, “ऑपरेशन कशाचं झालंय? कागद आहेत?” दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन हजर. डॉक्टरीणबाईंनी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली. म्हणाल्या, “मी बाळंतपणाची डॉक्टर आहे, हृदयाची नाही. पण इतकं मला कळतं, की तुमचं हृदय दुरुस्त केलेलं आहे. नवं केलेलं नाही. मुंबईला दाखवून आल्याशिवाय मी पुढची औषधं लिहिणार नाही.” कोकण रेल्वे तोवर सुरू झाली होती. रत्नागिरीला गाडीत बसले आणि सोळा-सतरा वर्षांनी पुन्हा हृदयाच्या डॉक्टरांसमोर उभी राहिले.

तिथं मला जे कळलं, ते लहानपणी ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फुप्फुसाची वाट रुंद करताना तिथली झडप बहुधा वाचत नाही. बिजागरी तुटलेल्या दारासारखी ती राहते. पुढे गेलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं मागे येतं. लहानपणी, तरुणपणी याचा काही त्रास होत नाही. माणूस धावतो, शेत करतो, लग्न करतो. पण उजवा कप्पा वर्षानुवर्षं तेच रक्त दोनदा ढकलत राहतो आणि हळूहळू ताणून मोठा होतो. जिथं चिरलं, जिथं ठिगळ लावलं, तिथले व्रण हृदयाच्या विजेच्या वाटेत येतात. ठोके बिघडू शकतात, आणि क्वचित माणूस काही लक्षण न दाखवता एका क्षणात जातो. ईसीजीतल्या एका लहरीची रुंदी १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की हा धोका वाढतो, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. कप्पा किती ताणला आहे हे एमआरआयवर मोजता येतं. वेळेवर झडप बदलली तर कप्पा सावरतो. फार उशीर झाला तर सावरत नाही. यांतली कुठलीही गोष्ट माणसाला आपली आपण कळत नाही. तपासणीतच कळते.

माझं बाळंतपण मुंबईच्या त्या हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट पार पडलं. पोटात असतानाच बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण आईला जन्मजात हृदयदोष असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मुलगी निघाली, धडधाकट. झडप बदलावी लागली ती पुढे, मी त्रेचाळीस वर्षांची असताना. एमआरआयनं सांगितलं की आता थांबू नका. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप आहे. ती कायमची नसते, कधीतरी पुन्हा बदलावी लागेल. पण आता त्यासाठी छाती उघडावीच लागेल असं नाही. २००० साली पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी एका बारा वर्षांच्या मुलाला पायातल्या शिरेतून नेऊन झडप बसवली, आणि ती पद्धत आता आपल्याकडेही होते.

हे सगळं डॉक्टरांना ठाऊक कसं झालं? मी त्यांना हा प्रश्न विचारला, आणि त्यांनी मला एका लेखाची प्रत काढून दिली. ती मी शब्दकोश घेऊन वाचली. मिनेसोटातल्याच मेयो क्लिनिकमध्ये १९५५ ते १९६० या काळात फालोची शस्त्रक्रिया होऊन पहिला महिना पार केलेले १६३ जण. डॉक्टरांनी त्यांचा माग तीस वर्षं ठेवला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. ३२ वर्षांनंतर शंभरांतले ८६ जिवंत होते. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत ते प्रमाण ९६ होतं. म्हणजे ऑपरेशननं आयुष्य दिलं, पण निरोगी माणसाइतकं पूर्ण नाही. आणि त्यात आणखी एक आकडा होता. आठ ते अकरा वर्षांच्या वयात ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांतले ९१ टक्के ३० वर्षांनंतर जिवंत होते. बारा वर्षांच्या पुढे ज्यांचं झालं, त्यांतले ७६ टक्के.

माझं ऑपरेशन आठव्या वर्षी झालं. गुरुजी एका संध्याकाळी आमच्या घरी आले नसते, तर आम्ही केव्हा गेलो असतो? गेलोच असतो का? ९१ आणि ७६ यांच्या मधलं अंतर म्हणजे आमचे गुरुजी. मी हे त्यांना सांगायला गेले तेव्हा ते फार थकले होते, ऐकू कमी येत होतं. मी कागदावर दोन्ही आकडे लिहून दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, “पटावरच्या पोराकडे बघायचं नाही तर मास्तरानं दुसरं काय करायचं?”

त्या १६३ जणांतला कुणी मला माहीत नाही. मिनेसोटातल्या खेड्यांतले शेतकरी असतील, दुकानदार, शिक्षक. बरं वाटत असतानाही ते तीस वर्षं तपासणीला गेले, पत्रांना उत्तरं दिली, आणि जे गेले त्यांच्या जाण्याची नोंद झाली. त्यांच्या नोंदींवरून डॉक्टरांनी माझ्याबद्दल ठरवलं की हिला एमआरआय करा, हिची झडप आता बदला. मंडळाच्या माणसांनी मला रक्त दिलं, तसं या लोकांनी मला आपलं भविष्य दिलं. डॉ. हेलन टॉसिग यांचंही नाव इथं घेतलं पाहिजे. १९४४ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरला निळ्या बाळावर जी पहिली शस्त्रक्रिया झाली, तिची कल्पना त्यांची, हात डॉ. ब्लॅलॉक यांचे, आणि तंत्र बसवून देणारे व्हिव्हियन थॉमस, ज्यांना कृष्णवर्णीय म्हणून तेव्हा ना पद मिळालं ना श्रेय. टॉसिगबाईंना ऐकू कमी येई, म्हणून त्या मुलाच्या छातीवर बोटं ठेवून हृदय समजून घेत. मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत मोठं वाटतं ते हे, की निवृत्त झाल्यावरही त्यांनी त्या पहिल्या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही आणि ती मोठी होऊन कशी आहेत यावर १९७० च्या दशकात लेखामागून लेख लिहिले. ऑपरेशन करून मूल घरी पाठवलं की डॉक्टरचं काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

आज आमच्याकडे काय आहे? माझ्या लहानपणापेक्षा पुष्कळ. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. माझ्या वर्गात बसून ते एकेका पोराच्या छातीला नळी लावतात, आणि मी तेव्हा वर्गाबाहेर जात नाही. संशय आला की टूडी इको, आणि गरज असेल तर शासनाच्या खर्चानं शस्त्रक्रिया. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया बसतात. आता फालोचं बाळ पहिल्या वर्ष-दीड वर्षातच दुरुस्त होतं, उकिडवं बसायची वेळच येत नाही. आपल्या देशात दर वर्षी जन्मजात हृदयदोष असलेली दोन लाखांहून अधिक मुलं जन्मतात असा अंदाज आहे. त्यांतली अधिकाधिक मुलं आता वाचतात आणि मोठी होतात.

पण हा कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतचा. नंतर? गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. लहानपणी मुंबईला ऑपरेशन झालेला, आता टेम्पो चालवतो. मी विचारलं, “तपासणीला जातोस का?” त्याची आई शेजारीच होती. ती म्हणाली, “आता काय न्हाय त्येला बाई, बरा झाला तो कवाच.” मी त्याला विचारलं, फाईल कुठे आहे? ती घर बांधताना गेली. मी त्याला ईसीजी आणि इको करायला लावलं. त्याचं भोक साधं होतं, नीट बुजलं आहे, आता काही वर्षांनी दाखवलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. बरं वाटलं. साध्या दोषांचं असंच असतं. वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक वेळेत बंद केलं तर ती माणसं इतरांइतकीच जगतात. मेयो क्लिनिकच्याच १९९० च्या लेखात ते दिसतं: पंचविशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांचं आयुष्य चारचौघांसारखंच. पण आपला दोष साधा होता की अवघड, हे त्या टेम्पोवाल्याला इको करेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं. ते कागदावर लिहिलेलं होतं, आणि कागद गेला होता.

मंडळातले बहुतेक आता नाहीत. गुरुजी गेले, तात्या गेले, आई गेली. त्यांचं देणं त्यांना परत देता येण्याजोगं राहिलेलं नाही. मी दर वर्षी मुंबईला तपासणीला जाते, दात काढायचा झाला तर आधी डॉक्टरांना झडपेचं सांगून औषध घेते, आणि माझी प्रत्येक नोंद ठेवू देते. माझ्यानंतरच्या कुणाला तरी ती लागेल.

लांजा, राजापूर, संगमेश्वर, रत्नागिरी, कुठेही असा. तुमच्या छातीवर लहानपणीचा व्रण असेल, किंवा तुमच्या घरात अशा व्रणाचं कुणी असेल, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर या वर्षी दाखवा. काही होत नसलं तरी दाखवा. ऑपरेशनचे कागद शोधा, त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि नाही सापडले तर इस्पितळात जाऊन केस नंबराची चौकशी करा. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी दाखवा. आणि तुम्ही शिक्षक असाल, अंगणवाडीत असाल, तर पोरांच्या नखांकडे आणि ओठांकडे बघत जा. संशय आला तर त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी जा.